दिफेसाचं रान

दोनाता रोक्काल्तात जन्मली, तिथंच तिचं लग्न झालं आणि तिथंच ती विधवा झाली. सदतीस वर्षांच्या आयुष्यात समोरच्या शेन्कोल गावात ती फार तर चारदा गेली असेल, तेही खेचरांच्या बाजाराला, सासऱ्याच्या मागोमाग. शेन्कोल काही लांब नव्हतं. तिच्या खिडकीतून तिथल्या बायकांचे वाळत घातलेले घागरे दिसत. मध्ये ओढा आणि ओढ्यापलीकडं दिफेसाचं रान, एवढंच अंतर. पण जायचं कशाला, असा प्रश्न होता.

शेन्कोलचे लोक मूळचे समुद्रापलीकडले. तुर्कांच्या भीतीने पळून आले, तेव्हा इथल्या सरदाराने त्यांना ओसाड टेकडी दिली. त्याला पाचशे वर्षं झाली, पण रोक्काल्तातली माणसं त्यांच्याबद्दल असं बोलायची, जणू ते मागच्या आठवड्यात उतरलेत. त्यांची भाषा वेगळी. त्यांचा पाद्री लग्न करायचा, पोरंबाळं असलेला. देवळात मूर्ती नाही, नुसत्या लाकडी फळ्यांवर रंगवलेले संत. शेन्कोलवाले रोक्काल्ताच्या लोकांना 'लेतीर' म्हणायचे. त्याचा अर्थ लॅटिन पंथाचे एवढाच, पण ते ज्या सुरात म्हणायचे त्यात पुष्कळ काही यायचं. रोक्काल्ताचे लोक त्यांना 'गेगी' म्हणायचे, आणि त्यात सूर लावायची गरजच नव्हती.

खरं भांडण दिफेसाचं. उतारावरचं ओकचं जुनं रान, खाली चांगला चारा. शरद ऋतूत झाडांखाली फळांचा सडा पडायचा आणि डुकरं त्यावर महिन्याभरात गुबगुबीत व्हायची. रान कुणाचं, यावर दोन्ही गावांनी आज्या-पणज्यांच्या काळापासून कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी निकाल शेन्कोलच्या बाजूने लागला. रोक्काल्तावाल्यांनी निकाल ऐकला, टोप्या घातल्या, घरी आले आणि दुसऱ्या दिवशी डुकरं पुन्हा दिफेसात सोडली. त्यावरून काठ्या चालल्या, कुऱ्हाडी निघाल्या. एकदा तर फार झालं. पहिलं महायुद्ध संपून माणसं घरी आली त्याच वर्षी, दोन्हीकडचे पुरुष ओढ्यावर भिडले. दोनाताचे सासरे नुन्झिओ त्या दिवशी एका डोळ्याला मुकले. दोनाताला हे ठाऊक होतं, पण जेवढं सगळ्या गावाला ठाऊक होतं तेवढंच. घरात त्याचा विषय निघत नसे.

मग दुसरं महायुद्ध झालं, दोनाताचा नवरा रशियाकडं गेला तो परत आला नाही, आणि त्याला बारा-तेरा वर्षं होऊन गेली.

त्या हिवाळ्यात तीन आठवडे पाऊस थांबला नाही. जानेवारीच्या अखेरीस एका सकाळी रोक्काल्ताच्या खालच्या आळीतल्या भिंतींना भेगा पडल्या. दुपारपर्यंत भेगांत हात जाऊ लागला. घंटा वाजवून सगळ्यांना बाहेर काढलं म्हणून बरं, कारण संध्याकाळच्या आत अर्धं गाव टेकडीवरून खाली सरकलं. देऊळ गेलं, बेकरीची भट्टी गेली, दोनाताचं घर गेलं. तीन माणसं दगावली. देवळातली मातेची लाकडी मूर्ती तेवढी चार गड्यांनी वेळेवर उचलून आणली होती, तिचा एक हात वाटेत तुटला.

जायचं कुठं, हे कुणी ठरवलं नाही. रस्ता एकीकडंच शाबूत होता. म्हातारी माणसं, कोंबड्या, गाद्या, सगळं घेऊन रोक्काल्ता ओढा ओलांडून दिफेसातून चढत शेन्कोलच्या वेशीशी आलं, आणि तिथं गप्प उभं राहिलं.

शेन्कोलचे पाद्री, पापास व्हासिल, वेशीवर आले. त्यांनी पाहिलं, मागं वळून काहीतरी सांगितलं आणि दारं उघडली. गावच्या शाळेतले देमेत्र मास्तर प्रत्येक घरासमोर थांबून माणसं वाटत गेले, इथं चार, इथं दोन. दोनाता, तिची पंधरा वर्षांची मुलगी कोरोनाता आणि सासरे नुन्झिओ, असे तिघे कोस्तान्दिनाच्या वाट्याला आले.

कोस्तान्दिना साठी ओलांडलेली, निपुत्रिक विधवा. सडसडीत, सरळ पाठीची, काळ्या घागऱ्याखाली पुरुषी बूट घालणारी. तिचं घर म्हणजे एक खोली वर, एक खाली आणि मागं गाढवाचा गोठा. तिने तिघांना दारातच वरून खालपर्यंत पाहिलं.

"बूट काढा," ती रोक्काल्ताच्या भाषेत म्हणाली. "वरची खोली तुमची. माझ्या चुलीला हात लावायचा नाही."

शेन्कोलच्या लोकांना बाजाराच्या निमित्ताने समोरच्यांची भाषा यायची. समोरच्यांना त्यांची येत नसे, कारण शिकायची कधी वेळच आली नव्हती. पहिले काही दिवस दोनाता त्या घरात बहिऱ्यासारखी वावरली. शेजारणी यायच्या, कोस्तान्दिनाशी बोलायच्या, मध्येच वरच्या मजल्याकडं हनुवटी उडवायच्या. आपल्याबद्दल बोलतायत एवढं कळायचं. कोरोनाता आठवड्याभरात शब्द उचलून आणू लागली. पाणी, मीठ, दार लाव, गाढवा. दोनाता भांडी घासताना ते शब्द पुटपुटायची. तिला ती भाषा शिकण्याची हौस नव्हती, पण आपल्याला नावं ठेवली जात असतील तर ती कळायला हवीत, असं तिचं म्हणणं होतं.

चुलीचा नियम चौथ्या दिवशी मोडला. कोस्तान्दिनाच्या गुडघ्याने दगा दिला आणि कणीक मळायला दोनाताच उभी राहिली. तिने सात पाव केले, रोक्काल्ताच्या पद्धतीचे, मोठे, जाड सालीचे. कोस्तान्दिनाने एक तुकडा मोडला, चावला आणि मीठ कमी आहे म्हणाली. पण पुढच्या वेळी पीठ तिने स्वतःहून दोनातापुढं सरकवलं.

रोक्काल्ताच्या मातेचा प्रश्न मात्र अडला. शेन्कोलच्या देवळात मूर्ती ठेवायची तर कुठं, आणि ठेवली तर तिथल्या म्हाताऱ्या काय म्हणतील, यावर पापास दोन दिवस विचार करत राहिले. अखेर ती तेलाच्या घाण्यात ठेवली. रोक्काल्ताच्या बायका रविवारी तिथं, जात्याच्या दगडाभोवती, गुडघे टेकून बसायच्या आणि घरी परतताना त्यांच्या शालींना ऑलिव्हच्या पेंडीचा वास यायचा.

ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपवासाच्या आधी शेन्कोलमध्ये पितरांचा शनिवार असतो. कोस्तान्दिनाने आदल्या दिवशी गहू उकडला, त्यात मध आणि अक्रोड घातले आणि देवळात न्यायच्या ताटलीत दाबून बसवला. सकाळी शाल पांघरताना तिने दोनाताला विचारलं,

"तुझ्या माणसाचं नाव काय?"

"कुणाचं?"

"नवऱ्याचं. मेला ना तो? पापासांना सांगते. माझी ताटली आहेच, एक नाव जास्त झाल्याने गहू कमी पडत नाहीत."

तो मेला, असं आजवर तिला कुणी सरळ म्हटलं नव्हतं. सरकारी कागदावरही 'बेपत्ता' होतं. ती म्हणाली, "साव्हेरिओ."

तिघंही कोस्तान्दिनाबरोबर देवळात गेले. शेन्कोलचं देऊळ थंड, बाकं मोजकी, माणसं बहुतेक उभीच. पापास ताटल्यांपुढं उभे राहून घरोघरच्या मृतांची नावं वाचत होते. दोनाता कान देऊन होती. कोस्तान्दिनाची पाळी आली तेव्हा पापासांनी वाचलं, "झेफ स्कुरा." आणि लगेच पुढं, "साव्हेरिओ."

दोनाताचे डोळे भरून आले. तिने ते पुसून शेजारी पाहिलं, तर सासरे जाग्यावर नव्हते.

दुपारी जेवायला नुन्झिओ आले नाहीत. दोनाताने शोधलं तेव्हा ते मागच्या गोठ्यात, गाढवाशेजारी पेंढ्यावर बसले होते. आपलं घोंगडं त्यांनी वरून खाली आणलं होतं.

"मामंजी, हे काय? ती काय म्हणेल?"

"मी इथंच झोपणार," नुन्झिओ म्हणाले.

"का पण?"

त्यांनी बंद पापणीवर बोट ठेवलं. "झेफ स्कुरा," ते म्हणाले. "त्याची काठी. इतके दिवस त्याच्या घरात, त्याच्या पलंगावर झोपतोय मी. त्याच्या बायकोच्या हातचं खातोय. मला कुणी नाव सांगितलंच नाही."

दोनाता त्यांच्याशेजारी बसली. नुन्झिओंनी तिला तो दिवस पहिल्यांदा सांगितला, आणि सांगताना ते फारसे रागावलेले वाटले नाहीत. झेफचं डोकं रोक्काल्ताच्याच कुणीतरी आधी फोडलं होतं, रक्त डोळ्यांत गेल्याने त्याला दिसत नव्हतं, तो आंधळ्यासारखी काठी फिरवत होता. नुन्झिओ मध्ये आले. नंतर कोर्टात नुन्झिओंनी त्याच्याकडं बोट दाखवलं आणि झेफ चार वर्षं तुरुंगात गेला. "रक्त डोळ्यांत होतं हे मी सांगितलं नाही," ते म्हणाले. "कुणी विचारलं नाही."

कोस्तान्दिनाला सांगायचं की नाही, यावर दोनाताने संध्याकाळपर्यंत विचार केला. नाही सांगितलं तर म्हातारा गोठ्यात गारठून मरेल. सांगितलं तर तिघंही रस्त्यावर येऊ. शेवटी तिने सांगितलं, कारण गोठ्यात माणूस का झोपतोय याचं दुसरं कारण तिला सुचेना.

कोस्तान्दिना डाळ निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"त्याचा डावा गेलाय ना?" तिने विचारलं.

"हो."

"झेफ उजवा म्हणायचा." तिने एक खडा उचलून बाजूला टाकला. "चार वर्षं मी इथं एकटी होते. लग्नाला सात महिने झाले होते तेव्हा. तुरुंगातून आला तो खोकतच आला. मूल म्हणून झालं नाही."

दोनाता उभीच राहिली. आता जा म्हणेल, असं तिला वाटलं. निवडलेली डाळ भांड्यात ओतून कोस्तान्दिना म्हणाली,

"त्याला सांग, गोठ्यात नको. गाढव म्हातारं आहे, त्याला झोप लागत नाही."

नुन्झिओ वर आले. त्या दोघांत पुढं काही दिवस एक शब्दही झाला नाही. मग एके सकाळी कोंबड्यांच्या खुराड्याचं दार तुटलं आणि नुन्झिओंनी न विचारता ते दुरुस्त केलं. कोस्तान्दिनाने खिळे चुकीच्या बाजूने ठोकलेत म्हणून सांगितलं. नुन्झिओ म्हणाले की रोक्काल्तात असेच ठोकतात. "म्हणून तर रोक्काल्ता घसरलं," कोस्तान्दिना म्हणाली. दोनाताने वळून पाहिलं, तर नुन्झिओ हसत होते. तेव्हापासून दोघांचं रोज भांडण. चुलीत लाकूड किती घालायचं, वाल कधी पेरायचा, पापास प्रवचन लांबवतात की नाही.

एकदाच दोनाताने त्यांना त्या दिवसाबद्दल बोलताना ऐकलं. दोघं दारातल्या दगडावर उन्हाला बसले होते, समोर दिफेसा पालवत होता.

"काय होतं हो त्या रानात एवढं?" कोस्तान्दिनाने विचारलं.

"चांगलं रान आहे," नुन्झिओ म्हणाले. "माझा त्याच्यावर डोळा होता. तो तिथंच राहिला."

कोस्तान्दिना त्यांच्याकडं बघत राहिली, आणि मग तोंडावर शालीचं टोक धरून इतकी हसली की तिला खोकला आला.

एप्रिलमध्ये सरकारी इंजिनिअर आला. जुनं रोक्काल्ता पुन्हा उभं करता येणार नाही, खालची माती अजून सरकते आहे, असं त्याने सांगितलं. नवं गाव खाली नदीकाठच्या सपाटीवर बांधायचा बेत होता. तिथं जायला गाडीने तास लागला असता, आणि म्हाताऱ्यांना ती जागा हिवतापासाठीच आठवत होती. रोक्काल्तावाले नाही म्हणाले. जवळपास दुसरी पक्की जमीन आहे का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा इंजिनिअरने बोट केलं. खाली अखंड खडक असलेला एकच उतार होता, दिफेसा. आणि तो शेन्कोलचा होता, कोर्टाच्या शिक्क्यानिशी.

शेन्कोलने सभा बोलावली. रविवारी देवळासमोरच्या चौकात एका बाजूला शेन्कोल, दुसऱ्या बाजूला रोक्काल्ता, मध्ये देमेत्र मास्तर, इकडचं तिकडं सांगायला. शेन्कोलचे लोक आपल्या भाषेत बोलणार, आणि मास्तर त्याचा तर्जुमा करणार, असं ठरलं होतं.

पहिल्यांदा उठला तो खाटीक लेकु. तो म्हणाला की हे लोक तीन महिने आपली लाकडं जाळतायत, आता जमीन मागतात. उद्या आपल्या बायका मागतील. शेन्कोलची बाजू हसली. मास्तरांनी सांगितलं, "लेकुभाऊ म्हणतात, निर्णय विचार करून घ्यायला हवा." दोनाताने मास्तरांकडं चमकून पाहिलं. आजूबाजूला रोक्काल्ताची माणसं गंभीरपणे माना हलवत होती. तिच्या लक्षात आलं की लेकुचं सगळं बोलणं तिला कळलं होतं, एकूण एक शब्द.

आणखी दोघं-तिघं बोलले. कुणी कोर्टाचा निकाल काढला, कुणी चोरलेली डुकरं. एका म्हाताऱ्याने झेफ स्कुराच्या तुरुंगाचा विषय काढला आणि सगळे कोस्तान्दिनाकडं वळले.

ती उठली. गुडघा दुखत होता म्हणून लेकुच्याच खांद्याचा आधार घेतला.

"झेफचं नाव घेतलंत म्हणून बोलते," ती म्हणाली. "माझ्या घरात तीन माणसं आहेत. म्हातारा रात्रभर घोरतो. पोरगी माझा आरसा सोडत नाही. ही दोनाता माझ्या चुलीवर उभी असते आणि मला माझ्याच घरात मीठ कुठं आहे ते विचारावं लागतं. मी कंटाळले. तुम्ही कंटाळला नाहीत? लेकु, तुझ्या घरात सहाजण आहेत, तू खाटीकखान्यात झोपतोस, मला माहीत आहे. सपाटीवर गाव बांधायचं तर सरकारला पाच वर्षं लागतील, रस्ता नाही, पाणी नाही. इथं दीड-दोन वर्षांत होईल. मला माझी वरची खोली परत पाहिजे. द्या ते रान आणि घालवा यांना."

मग शेन्कोलच्या बायकांच्या बाजूने खसखस पिकली, आणि कुणीतरी मोठ्याने म्हणालं की कोस्तान्दिनाचं बरोबर आहे.

देमेत्र मास्तरांनी घसा साफ केला. "कोस्तान्दिनाबाई म्हणतात," ते रोक्काल्ताकडं वळून म्हणाले, "की संकटात आलेला पाहुणा हा देवाचा माणूस असतो, आणि तुम्हाला तुमच्या हक्काचं घर मिळावं अशी त्यांची मनापासून इच्छा आहे."

रोक्काल्ताच्या बायकांनी डोळ्यांना शालींची टोकं लावली. नुन्झिओंनी सुनेला कोपराने ढोसलं आणि विचारलं, "खरंच असं म्हणाली?" दोनाताने मान दुसरीकडं वळवली. तिचं तोंड तापलं होतं.

हात वर झाले. लेकुचा झाला नाही, पण त्याच्या बायकोचा झाला. थोड्या फरकाने, पण दिफेसा दिला गेला.

घरी जाताना दोनाता पुढं पुढं चालत होती. कोस्तान्दिनाने तिला दोनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला ती थांबली आणि वळून शेन्कोलच्या भाषेत म्हणाली, "मला सगळं कळलं."

कोस्तान्दिनाला आश्चर्य वाटलं असेल, पण तिने दाखवलं नाही. "मग? खोटं होतं का काही?"

"मीठ मी कधी लपवलं?"

"जागा बदललीस. तेच ते." कोस्तान्दिना भिंतीला टेकली, गुडघा चोळत. "अगं, तिथं उभी राहून मी 'दोनाता मला लेकीसारखी आहे' असं म्हटलं असतं, तर लोकांनी मान डोलावली असती आणि हात खिशात ठेवले असते. घराघरात सगळे कंटाळलेत. ते त्यांना कळतं."

"म्हणजे तू कंटाळली नाहीस, मावशी?"

"कंटाळले तर. म्हातारा घोरतोच." तिने दोनाताच्या दंडाला धरलं, चालायला आधार म्हणून. "दोन्ही खरं आहे. आता चल, डाळ उतू जाईल."

दीड-दोन वर्षांचे चार झाले, सरकारी काम ते. नुन्झिओंना नवं गाव बघायला मिळालं नाही. तिसऱ्या हिवाळ्यात ते कोस्तान्दिनाच्या वरच्या खोलीत गेले, झोपेत. रोक्काल्ताची जुनी दफनभूमी टेकडीच्या मागच्या अंगाला शाबूत होती, तिथंच पुरा म्हणून त्यांनी सांगून ठेवलं होतं. रोक्काल्ताचे तरणे गडी तोवर निम्मे जर्मनीला गेले होते. खांदे कमी पडले म्हणून शेन्कोलच्या चौघांनी दिले, त्यात लेकु होता. कोस्तान्दिना दुखऱ्या गुडघ्याने सगळी वाट चालली. परतताना दिफेसात एका ओकखाली दम खायला बसली आणि म्हणाली की आता रात्री झोप लागणार नाही, सवय झाली होती घोरण्याची.

कोरोनाता दूर उत्तरेला, तोरिनो शहरात कारखान्यात गेली आणि तिकडंच तिने संसार थाटला. नव्या रोक्काल्तात दोनाताला दोन खोल्या मिळाल्या, नळ आणि वीज. कोस्तान्दिना घर पाहायला आली, भिंतींवर बोटं वाजवून पाहिली, स्वयंपाकघर बाहुलीचं आहे म्हणाली आणि संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिली.

दोन्ही गावं आता पाच मिनिटांच्या चालीवर होती. त्याने भांडणं कमी झाली नाहीत, नुसती सोयीची झाली. पाण्याची टाकी, कचरा, जत्रेच्या दिवशी कुणाच्या घंटा आधी वाजवायच्या. दोन पंचायती वेगळ्याच राहिल्या आणि आजही आहेत. मग शहरातून बस सुरू झाली आणि तिचा थांबा कुठं असावा यावर पुन्हा चौकात सभा भरली. या वेळी रोक्काल्ताने मास्तरांवर भरवसा ठेवला नाही. आपल्याकडून बोलायला त्यांनी दोनाताला उभं केलं.

ती शेन्कोलच्या भाषेत बोलली, वीस मिनिटं, न अडखळता. रोक्काल्तात म्हाताऱ्या जास्त, चढ जास्त, थांबा आमच्याकडं हवा. पुढं बसलेला लेकु शेवटी वैतागून म्हणाला, "आमच्याच घरात बोलायला शिकली आणि आमच्याशीच भांडते." दोनाताने त्याला सांगितलं की तुझ्या घरात शिकले असते तर मला फक्त शिव्या आल्या असत्या. दोन्ही बाजू हसल्या. तरी थांबा शेन्कोलच्या वेशीवरच झाला, कारण तिथं बस वळवायला जागा होती.

दोनाता हरून कोस्तान्दिनाच्या घरी आली. कोस्तान्दिना आता फारशी बाहेर पडत नसे, पण खिडकी उघडी होती आणि चौक जवळ. तिने दोनातापुढं कॉफी ठेवली.

"ऐकलंस?" दोनाताने विचारलं.

"ऐकलं."

"मग?"

"बरं बोललीस," कोस्तान्दिना म्हणाली. "दोन ठिकाणी चुकलीस. दोन्ही वेळा बस बाईसारखी म्हटलीस, ती आमच्यात पुरुष असते."